परमुलखातील हाक

काशीस मणिकर्णिकेवर नावेत बसून प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले, म्हणजे डाव्या हाताला एकामागून एक घाट लागत जातात आणि नावाडी त्यांची नावे सांगू लागतो. भोसले घाट, गणेश घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट. पंचगंगा ओलांडली की दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. नागपूरकर भोसले, पेशवे, ग्वाल्हेरकर शिंदे, त्यांचे दिवाण आणि त्यांचे दीक्षित, अशी सगळी मराठी मंडळी तेथे पायऱ्यांच्या रूपाने आजही ओळीने बसलेली आहेत. पुण्यापासून आठ-नऊशे मैलांवर ही नावे कानी पडली, म्हणजे नोकरीच्या निमित्ताने घरदार सोडून दूर गेलेल्या मराठी माणसाला क्षणभर आपल्याच पेठेतून चालल्यासारखे वाटल्यावाचून राहत नाही.

या ओळीतील बालाजी घाटावर आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. बालाजीचे देवालय येथे आहे. घाट परंपरेने पेशव्यांच्या नावाशी जोडलेला असून पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, येथील वास्तू शिंद्यांकडे गेली. एवढा दगड, एवढा चुना आणि एवढा पैसा आपल्या पूर्वजांनी या परक्या नदीकाठी का ओतला असावा? पुण्यासाठी, हे उत्तर ठरलेले आहे आणि ते खोटेही नाही. परंतु त्या काळची पत्रे, प्रवासवृत्ते आणि हुंड्यांचे व्यवहार पाहू लागले, म्हणजे दुसरेही एक उत्तर हाती येते. परमुलखात माणसावर अवचित प्रसंग गुदरला, तर त्याने हाक कोणाला मारावी, या प्रश्नाचा उलगडा या घाटांच्या आसपास पिढ्यानपिढ्या चाललेला होता.

परमुलूख हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. आज आपल्याला काशी परदेश वाटत नाही. पण अठराव्या शतकातील पुणेकराला ती सर्व व्यावहारिक अर्थांनी परदेशच होती. तेथे अंमल अयोध्येच्या नबाबाचा होता आणि १७७५ नंतर कंपनी सरकारचा. तीर्थक्षेत्रे ताब्यात यावीत म्हणून पेशव्यांनी पुष्कळ खटपट केली, तरी काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच झाले नाही. भाषा निराळी, टांकसाळ निराळी, जकातीची नाकी निराळी. पुण्याकडचा अंकुशी किंवा चांदवडी रुपया तेथे तसाच्या तसा चालावयाचा नाही. बट्टा द्यावा लागे. वाटेत नर्मदा, बुंदेलखंडाची जंगले, ठगांची आणि पेंढाऱ्यांची भीती. काशीयात्रेस निघणारा मनुष्य देणेघेणे मिटवून, निरवानिरव करून निघे आणि सोयरेधायरे त्याला वेशीपर्यंत पोहोचवावयास जात ते पुन्हा भेट होईलच अशा भरवशाने नव्हे.

अशा प्रवासात थोरामोठ्यांची गोष्ट वेगळी होती. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तर यात्रेस निघाल्या. उदयपूरच्या राण्याने त्यांचा सन्मान केला, जयपुरास सवाई जयसिंहाने त्यांना ठेवून घेतले आणि मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या १७३६ मध्ये सुखरूप पुण्यास परतल्या. बाईंच्या अंगावरचा मुख्य अलंकार मुलाचे नाव हाच होता. ते नाव सांगितले की चौक्या उघडत आणि स्वार दिमतीस येत. पण ज्याच्या पाठीशी असे नाव नाही, अशा एखाद्या भिक्षुकाने, शेतकऱ्याने किंवा सोवळ्या बाईने काय करावे? एक उपाय म्हणजे मोठ्यांच्या तांड्याला चिकटून जाणे, आणि असे शेकडो लोक चिकटत असत. दुसरा उपाय अधिक खोल होता. परमुलखात आपली ओळख, आपला पैसा आणि आपले छप्पर ही तिन्ही आपण पोहोचण्यापूर्वीच तेथे पोहोचलेली असावीत, अशी व्यवस्था समाजाने करून ठेवलेली होती.

ओळख असे ती तीर्थोपाध्यायाच्या वहीत. लांबट, लाल बासनात बांधलेल्या त्या वह्यांत गावागणिक कुळांचे लेख असत. यात्रेकरूने गाव आणि उपनाव सांगावे, उपाध्यायाने वही काढावी आणि पणज्याच्या हातचे मोडी अक्षर त्याच्यापुढे ठेवावे. या वहीकडे आपण वंशावळ सापडण्याची एक गंमत म्हणून पाहतो. पण वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ती जीवनमरणाची वस्तू होती. अंगावर धडके वस्त्र नाही, बरोबरचे सोबती मेले किंवा पांगले. अशा स्थितीत 'मी अमक्याचा अमका' हे खरे आहे, असे सांगणारा त्या सगळ्या शहरात एकच साक्षीदार, आणि तो म्हणजे मेलेल्या पणज्याची सही. त्या सहीच्या बळावर उपाध्याय त्याला जेवू घाली, ठेवून घेई आणि प्रसंगी कर्जाऊ रक्कमही देई. ती वसूल करण्यासाठी उपाध्यायाची माणसे पुढे गावोगाव हिंडत. या व्यवहारात लोभ होता, अडवणूकही होती. दक्षिणेवरून झालेल्या तंट्यांच्या तक्रारी काही थोड्याथोडक्या नाहीत. पण लोभी असला तरी ओळखणारा माणूस तेथे होता, ही गोष्ट उरतेच.

पैसा जाई तो हुंडीने. रोकड बरोबर नेणे म्हणजे चोराला आमंत्रण; म्हणून पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरावयाचे, हुंडणावळ द्यावयाची आणि काशीच्या पेढीवरची चिठ्ठी अंगरख्यात शिवून निघावयाचे. दाखविताक्षणी पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवसांनी मिळावयाचे ती मुदती. कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पैसे पडू नयेत म्हणून शाहाजोग हुंडी असे. ती पतवाल्या सावकाराच्या मार्फतच वटावी लागे. रकमेचा आकडा एकदा लिहून भागत नसे. निमे रक्कम इतकी, तिची दुप्पट इतकी, असा तो फिरवून लिहीत, म्हणजे मागाहून कोणाला एक शून्य वाढविता येऊ नये.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तरतूद पुढेच आहे. हुंडी वाटेत हरवली तर काय? तर देणाऱ्या सावकाराने दुसरी प्रत द्यावयाची. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत, ती परपेठ. पहिली वटली असल्यास ही रद्द समजावी, असे तिच्यात लिहिलेले असे. आणि काशीच्या पेढीने हुंडी सकारलीच नाही तर? त्यासाठी जिकरी चिठ्ठी असे. ती त्याच शहरातील दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे लिहिलेली असे: अमक्याने नाकारल्यास आमच्या पतीवर आपण पैसे द्यावे. माणूस लुटला जाईल, कागद भिजेल, पेढी बुडेल, हे सर्व गृहीत धरून, संकट येण्यापूर्वीच त्याचा उतारा लिहून ठेवणारी ही बुद्धी पाहिली, म्हणजे आपले पूर्वज केवळ दैवावर हवाला ठेवून प्रवास करीत, हा समज टिकत नाही.

तिसरी गोष्ट छप्पर; आणि येथे आपण पुन्हा घाटाकडे येतो. बालाजीच्या पलीकडे, पंचगंगेच्या पुढे, जे दुर्गा व ब्रह्मा घाट आहेत, ते नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावावर सांगितले जातात. पेशव्यांच्या घराण्याला पूज्य असलेले हे गृहस्थ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस जाऊन राहिले आणि दक्षिणेतून येणाऱ्यांना त्यांनी त्या भागात घरे बांधून दिली. पंचगंगेचा घाट व बिंदुमाधवाचे देवालय यांची उभारणी औंधकर पंतप्रतिनिधींकडे जाते. अहल्याबाई होळकरांचे विश्वेश्वराचे देवालय सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी तीर्थांच्या ठिकाणी घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांवर केलेला खर्च हा त्याच पुण्यकार्याचा अधिक व्यावहारिक भाग होता. देवळात देव भेटे, छत्रात जेवण मिळे आणि घाटावर आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी भेटे. आजारी यात्रेकरूला या तिसऱ्या भेटीचे मोल पहिल्या दोहोंइतकेच वाटत असले पाहिजे.

राज्यसत्ता पाठीशी असली म्हणजे परमुलखात निर्धास्त राहता येते, अशी आपली साधारण समजूत असते. काशीच्या मराठी वस्तीचा अनुभव तसा नव्हता. १७४२ साली मराठी फौज काशीच्या आसपास आली, तेव्हा पहिली धडकी भरली ती तेथील दाक्षिणात्य ब्राह्मणांनाच. फौज आज आहे, उद्या माळव्यात जाईल. मागे राहिलेल्यांना तोंड द्यावयाचे ते नबाबाच्या रोषाला. म्हणून येथे काही करू नका, अशी विनवणी करण्याची वेळ त्यांच्यावर आली. परक्या राज्यात राहणाऱ्याला तलवारीपेक्षा शेजाऱ्याशी असलेला सलोखा अधिक उपयोगी पडतो, हे त्यांना पुण्याच्या मुत्सद्द्यांपेक्षा अधिक चांगले कळत होते. याच वृत्तीने पूर्वीच्या शतकात गोदातीराहून काशीस येऊन राहिलेल्या कवींद्राचार्य सरस्वतींनी शाहाजहानच्या दरबारी रदबदली केली होती आणि काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर माफ करून घेतला होता. शस्त्राने जे झाले नसते, ते एका संन्याशाच्या विद्वत्तेने झाले.

परंतु वही, हुंडी आणि छत्र ही तिन्ही निरुपयोगी ठरावीत, असेही प्रसंग येतात. १४ जानेवारी १७६१ चा दिवस तसा होता. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर यात्रेच्या आशेने निघालेली शेकडो कुटुंबे होती. अठरा वर्षांचा नाना फडणीस आई व पत्नी यांना घेऊन निघाला होता, तो काशीयात्रा घडावी याही हेतूने. संध्याकाळी सैन्य मोडले आणि सारे अंगावरच्या वस्त्रानिशी पळू लागले. नानाची आई त्या धुमाळीत नाहीशी झाली, ती पुन्हा दिसली नाही. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने त्या पळाची हकीकत सांगितली आहे, आणि मराठी राज्याचा भावी कारभारी त्या दिवसांत निव्वळ एक निराधार वाटसरू होता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

या निराधारांना आधार दिला तो सूरजमल जाटाने. भाऊसाहेबांशी त्याचे पटले नव्हते आणि लढाईपूर्वीच तो मराठ्यांची साथ सोडून गेला होता. सूड उगवावयाचा असता तर याहून सोयीची संधी नव्हती. त्याने व त्याच्या राणीने या पळून आलेल्या लोकांना अन्न दिले, वस्त्र दिले, जखमींची सोय केली आणि पुढे वाटेस लावले. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई याच आश्रयाने सुखरूप निघाली. या लोकांचे लेख जाटाच्या कोणत्याही वहीत नव्हते. हुंडीचा कागद पानिपतावर राहिला होता. त्याने पाहिले ते एवढेच, की समोरचा मनुष्य थंडीने कुडकुडत आहे. परमुलखातील मदतीचा हा सर्वांत उंच नमुना. आणि तो आपण दिलेला नसून आपल्याला मिळालेला आहे, याचे विस्मरण आपण होऊ देता कामा नये.

या ऋणाची आठवण करून देणारा एक उलटा प्रसंग वीस वर्षांनी खुद्द काशीतच घडला. ऑगस्ट १७८१ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज काशीस आला आणि राजा चेतसिंहाकडून जादा पैसा उकळण्याच्या भरात १६ तारखेला त्याने राजाला शिवाल्याच्या वाड्यात कैद केले. शहर खवळले. पहाऱ्यावरच्या शिपायांजवळ काडतुसे नव्हती. ते कापले गेले आणि राजा पागोट्यांच्या दोरीवरून गंगेत उतरून निसटला. साऱ्या हिंदुस्थानात ज्याच्या नावाचा दरारा, तो हेस्टिंग्ज २१ तारखेच्या रात्री माधोदासाच्या बागेतून निघून चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. जवळ पैसा नाही, शिपायांचे पगार थकलेले, सभोवार बंड. परदेशात संकटात सापडलेला प्रवासी म्हणतात, तो याहून वेगळा कोणता असावयाचा?

त्या वेळी त्याच्या पाठोपाठ चुनारला गेले ते बेनीराम पंडित आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित. बेनीराम हे नागपूरकर मुधोजी भोसल्यांचे वकील. कंपनी आणि पुणे दरबार यांच्यात त्या वेळी युद्ध चालू होते आणि नागपूरकर निदान नावाला तरी पुण्याच्या बाजूचे होते. तरी या बंधूंनी काशीतील आपल्या घरचे लाख रुपये हेस्टिंग्जपुढे केले. हेस्टिंग्जने त्या बंडाविषयी स्वतः लिहून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली आहे, आणि पुढे जहागीर देऊन तो त्यांचा उतराई झाला.

ही हकीकत वाचताना मराठी वाचकाचे मन द्विधा होते, हे मी कबूल करतो. ज्याला वाचविले, त्याच्याच कंपनीने पुढे पाऊणशे वर्षांच्या आत नागपूर आणि पुणे दोन्ही गिळली. शिवाय वकिलाच्या औदार्यात धन्याचा व स्वतःचा हिशेब असतोच. ही लाखाची रक्कम निव्वळ भूतदया होती, असे म्हणण्याचे कारण नाही. पण या प्रसंगाने एक गोष्ट उजेडात येते. काशीत आयत्या वेळी लाख रुपये उभे करण्याची शक्ती गव्हर्नर जनरलमध्ये नव्हती, ती एका दरबारी वकिलाच्या घरात होती. घाट, छत्र, पेढी आणि वकिली यांचे जे जाळे दक्षिणेतल्या सत्तांनी तेथे विणले होते, त्याची मजबुती शत्रूच्याच संकटात अशी अचानक दिसून आली.

राज्य गेल्यावर हे जाळे आणखीच दाट झाले, हा इतिहासाचा विलक्षण विनोद आहे. पराभूतांना राहावयास जागा उरली ती त्यांच्याच पूर्वजांनी यात्रेकरूंसाठी केलेली. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव इंग्रजांचा तनखा घेऊन उत्तरेत आले आणि १८२४ मध्ये वारले. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस आले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी तेथेच जन्मली, ती पुढे झाशीची राणी झाली. चिमाजीअप्पा वारल्यावर तांबे कुटुंबाने ब्रह्मावर्ताची वाट धरली. आश्रितांचा आश्रयदाता जावा आणि आश्रितांनी पुढचा उंबरठा शोधावा, ही राणीच्या बालपणाची पहिली कथा होय.

अमृतरावांच्या दानधर्माचे वर्णन बिशप हेबर याने आपल्या प्रवासवृत्तात केले आहे. तो १८२४ च्या पावसाळ्याअखेर काशीस होता. वर्षातून एका ठरलेल्या सणाला अमृतराव येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणाला आणि प्रत्येक आंधळ्या-पांगळ्याला शेरभर तांदूळ व एक रुपया देत. शहराबाहेरच्या त्यांच्या बागेला चार दरवाजे होते. तीन तीन प्रकारच्या याचकांसाठी आणि चौथा धन्यासाठी. दान घेतलेला मनुष्य पुन्हा रांगेत उभा राहू नये म्हणून त्याला संध्याकाळपर्यंत बागेतच बसवून ठेवीत. एका दिवसाचा हा खर्च कधी कधी पन्नास हजारांवर जाई, असे हेबर म्हणतो. धर्मादाय किती काटेकोर असू शकतो, हे पाहून आजच्या सरकारी अधिकाऱ्यालाही कौतुक वाटेल.

पण त्या तीन दरवाजांजवळ आपण थोडे अधिक थांबले पाहिजे. दारे वेगळी होती, याचा अर्थ माणसे वेगळी मोजली जात होती. काशीतील छत्रे बहुतांशी ब्राह्मणांसाठी होती. उपाध्यायाच्या वहीत बाईचा लेख बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाखाली पडे; म्हणून कुटुंबाने काशीस आणून सोडलेल्या विधवेला आपली ओळख पटविणे सर्वांत कठीण जाई. आणि ज्यांची सावलीही घाटावर पडू दिली जात नव्हती, त्यांनी परमुलखात हाक मारली, तर ती ऐकण्यासाठी कोणतीच पायरी बांधलेली नव्हती. आपल्या पूर्वजांच्या व्यवस्थेचे गुणगान करताना हे झाकून ठेवले, तर आपण इतिहास सांगत नसून फक्त आपल्या कुळाचा लेख वाचीत आहोत, असे होईल. परिचितांना मदत मिळण्याची सोय त्यांनी उत्तम केली. अपरिचिताची सोय क्वचितच झाली; अमृतरावांच्या बागेत आंधळ्या-पांगळ्यांना जात न पाहता प्रवेश मिळाला असेल, तर भिंतीतील तेवढी फट आपल्या लेखी फार मोलाची आहे.

हे सारे आधार एका माणसाच्या प्रवासात तपासून पाहावयाचे असतील, तर विष्णुभट गोडशांकडे वळावे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरी कर्ज, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल अशी बातमी, म्हणून १८५७ च्या आरंभी ते चुलत्यासह उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते झाशीतच होते. जे द्रव्य मिळाले होते, ते लुटीत गेले. पुढेही रस्त्यात त्यांना पुन्हा पुन्हा नागवले गेले. अडीच-तीन वर्षांच्या भटकंतीनंतर त्यांनी घरी आणले काय, तर गंगेची कावड.

त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली काटछाट करून प्रसिद्ध केला आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापली. या पुस्तकातील लढायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी ते वाचतो ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. हा मनुष्य प्रत्येक नव्या गावी गेल्यावर प्रथम काय करतो? मराठी बिऱ्हाड शोधतो. ग्वाल्हेर, झाशी, काळपी, ब्रह्मावर्त, काशी, जेथे जेथे आपल्या भाषेचे दार सापडते, तेथे त्याला ओसरी मिळते. ती दारे उघडणारी माणसे स्वतःच भयभीत होती; कोणाला आश्रय दिला म्हणून आपण फासावर जाऊ की काय, ही धास्ती त्या दिवसांत प्रत्येक घरात होती. तरी दारे उघडली. घाट बांधणाऱ्यांची नावे दगडावर राहिली. या दारांमागच्या बायकांची, ज्यांनी आपल्या पोराच्या ताटातली भाकरी मोडून त्या वाटसरूपुढे ठेवली असेल, त्यांतील बहुतेकींची नावे कोठेच लिहिलेली नाहीत.

आता काळ पालटला आहे. परदेशी गेलेल्या नागरिकाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी बोलू द्यावे, हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिला गेला. पारपत्र हरवले तर वकिलात मायदेशी परतण्यापुरते आणीबाणीचे प्रमाणपत्र देते. अडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून वकिलातींमध्ये एक कल्याणनिधी आहे. जरा बारकाईने पाहिले तर ही सारी आपल्या ओळखीची मंडळी दिसतात. प्रमाणपत्र म्हणजे उपाध्यायाची वही आणि परपेठ यांचाच आधुनिक अवतार. निधी म्हणजे जिकरी चिठ्ठी. २०२२ साली युक्रेनमधील युद्धातून सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणले गेले, त्या मोहिमेला सरकारने नाव दिले ते गंगेचे. तिच्या काठच्या या पायऱ्या आठवून कोणी ते नाव ठेवले असेल असे नाही. पण नाव शोभून दिसते. आणि आजच्या व्यवस्थेचा खरा मोठेपणा असा, की तिच्या दाराशी जात विचारली जात नाही आणि विधवेला नवऱ्याच्या नावाखाली शोधावे लागत नाही.

तरीही वकिलात दूर असते, कचेरी रात्री बंद असते आणि संकट बहुधा रात्रीच येते. तेव्हा माणूस पुन्हा विष्णुभटांसारखाच ओळखीचा दिवा शोधू लागतो. आपणांपैकी अनेकांची दर तीन वर्षांनी बदली होते. नव्या गावी सामान उतरण्यापूर्वी शेजारचा कोणी चहा घेऊन येतो, पोराला ताप भरला की कोणी डॉक्टरचे घर दाखवितो. आणि बदलीचा हुकूम आला की आपण हे सारे विसरून पुढच्या गावी जातो. या लहान उपकारांची वही कोणी ठेवीत नाही. ती आपण मनात ठेवावी, आणि परतफेड मात्र ज्याने दिले त्यालाच करावी असा आग्रह धरू नये. सूरजमलाचे ऋण भरतपुरात फेडता येणार नाही. ते आपल्या दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला फेडावयाचे आहे.

बालाजी घाटाची एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. बिहारमधील डुमरावात १९१६ साली जन्मलेला एक मुसलमान मुलगा लहानपणी काशीस मामाकडे आला. मामा सनईवादक. मुलाला रियाझासाठी जागा मिळाली ती या बालाजीच्या देवळात. दाक्षिणात्य यजमानांच्या नौबतीसाठी ठेवलेल्या त्या जागी तो वर्षानुवर्षे रोज सनई फुंकीत बसे. तो मुलगा म्हणजे बिस्मिल्ला खाँ. घाट बांधणाऱ्यांच्या वहीत त्याच्या कुळाचा लेख नव्हता, आणि त्यांच्या छत्राच्या पंगतीत त्याला पान मिळाले नसते. पण दार एकदा बांधले, की ते पुढे कोणासाठी उघडेल, हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. २००६ साली खाँसाहेब काशीतच वारले. आपल्या पूर्वजांनी आपल्या माणसांसाठी बांधलेल्या त्या पायऱ्यांचे सर्वांत मोठे सार्थक, त्यांना ठाऊक नसलेल्या एका पाहुण्याने केले.